सहा मिनिटं वीस सेकंद

नेरीला मे महिन्यात लाईन दहाला जाते,
म्हणून माझा दिवस पाचला उजाडतो.
कूलरच्या आधी मी पंप लावते.
नळीतले रात्रीचे बुडबुडे निघेपर्यंत
चहा होतो, आणि निवतोही.

मग फ्रीजरमधून एक कुपी.
लेबलवर कंट्रोल, खाली तारीख, अक्षर माझं.
नाव लिहायचं नसतं.
मोतीराम गजभिये.

स्तंभ म्हणजे वीतभर पोलादी नळी.
तिच्यात शंकरपूरचा बाजार भरलेला असतो:
सगळे एकाच लोंढ्यात शिरतात,
कुणी खाली मान घालून सरळ पलीकडे,
कुणी पालापालाशी थबकत, भाव विचारत.
चेहरा कुणालाच नसतो.
कोण किती उशिरा बाहेर आलं
त्यावरून मी ओळखते.
मला हवा तो होमोसिस्टीन, गंधकाच्या शेपटीचा बारका रेणू,
पोटुशी बायांच्या रक्तात किती, एवढंच.
तो येतो सहा मिनिटं वीस सेकंदांनी.

मोतीरामभाऊ गाडी चालवायचे. भिसी, मासळ, पुन्हा नेरी.
मागच्या सीटवर बर्फाची पेटी, तिला पट्टा बांधलेला.
एकदा मी सांगितलं होतं,
रक्त तसंच राहिलं तर लाल पेशी हा रेणू सोडत राहतात,
तासाभरात आकडा फुगतो.
त्या दिवसापासून वाटेतला पानठेला सुटला.
आशाताईंना सांगायचे,
"लवकर द्या न बाई, रस्त्यात रक्त खोटं बोलाले लागते."

कंट्रोलला एकाच माणसाचं पिशवीभर रक्त हवं होतं.
कंपाउंडरने खिशातला हात काढला नाही.
"मायं घ्या," म्हणाले, बाही दुमडत,
"गाडीत बसून बसून नुसतं साचून रायलं."
त्या पिशवीच्या चारशे कुप्या झाल्या.

अकरा पूर्णांक आठ.
कधी सहा, कधी नऊ, पण अकराच्या घरात.
पेटी उतरवून दारातून विचारायचे,
"आज मी किती?"
"अकरा पॉइंट नऊ."
"म्हंजे मशीन ठीक हाये."

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले.
गाडीत नाही. घरी, हात धुवायला उठताना.
दुसऱ्या दिवशी एकवीस नमुने आले,
कुणीतरी आणलेले, बर्फाचं पाणी झालेलं.
मी रोजच्यासारखी कुपी विरघळवली.
पडद्यावर रेघ आडवी चालत राहिली, चालत राहिली,
आणि वेळेवर उठली.
अकरा पूर्णांक आठ.
मशीन ठीक होतं.
आलेले एकवीस फेकून द्यावे लागले.

दिवाळीनंतर सगुणाबाई आल्या, राहिलेला पगार घ्यायला.
"त्यायचं आणखी काही असंल तं द्या," म्हणाल्या.
मी चष्म्याचं घर दिलं, एक दुपट्टा,
डॅशबोर्डवरची अर्धी अगरबत्तीची पुडी.
रजिस्टरवर सही घेतली.
फ्रीजर त्यांच्या पाठीशी गुरगुरत होता.
मी काही बोलले नाही.

आता एकतीस कुप्या आहेत.
नियम असा, की नवा कंट्रोल
जुन्याच्या शेजारी वीस दिवस चालवायचा,
मगच त्याचा आकडा मानायचा.
सोमवारी मी माझीच बाही वर केली.
वीस जातील, अकरा उरतील.
उरलेल्यांचं काय करायचं तेही लिहिलेलं आहे:
पिवळी पिशवी, सही, तारीख.

आज माझे नऊ पूर्णांक चार.
त्यांचे अकरा पूर्णांक सात.
मी वहीत दोन्ही लिहिते, एकाखाली एक,
आणि भिसीची पहिली कुपी लावते.
लाईन जायला अजून तीन तास आहेत.